सळईला लागेल ते : आयडाहोच्या सार्वजनिक जमिनीवरचा पहिला आठवडा

सोमवार, बॉइझी

अमेरिकेतील सार्वजनिक जमीन म्हटले की आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर यलोस्टोनसारखी राष्ट्रीय उद्याने उभी राहतात. प्रत्यक्षात सगळ्यांत मोठा तुकडा त्या उद्यानांच्या ताब्यात नाही. तो आहे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बोलताना सगळे ज्याला बीएलएम म्हणतात, त्या खात्याकडे. या खात्याकडची जमीन सुमारे साडेचोवीस कोटी एकर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिपटीहून अधिक भरते आणि त्यातली जवळजवळ एक कोटी वीस लाख एकर एकट्या आयडाहो राज्यात आहे. नद्याकाठची सुपीक जमीन वसाहतवाल्यांनी आधीच घेतली, डोंगरांवरचे जंगल वनखात्याकडे गेले, आणि जी कोरडी, झुडपांची, कुणालाच नकोशी जमीन उरली ती सरकारकडे राहिली. त्या जमिनीवर गुरे कोणी आणि किती चारावीत याला पहिला लगाम १९३४ च्या टेलर ग्रेझिंग कायद्याने बसला, १९४६ मध्ये दोन जुनी कार्यालये एकत्र करून बीएलएम स्थापन झाले, आणि १९७६ च्या कायद्याने असे ठरले की ही जमीन सरकारने शक्यतो विकायची नाही आणि ती एकाच वेळी अनेकांच्या उपयोगासाठी सांभाळायची. या 'अनेकां'त गुराखी, खाणवाले, शिकारी, मोटारसायकली उडवणारे, पवनचक्क्यांच्या कंपन्या आणि रानकोंबडे असे सगळेच येतात. साहजिकच खात्याच्या प्रत्येक निर्णयावर कोणी ना कोणी नाराज असतो, आणि तो निर्णय न्यायालयात टिकवायचा असेल तर अमुक जागी नेमके काय उगवते आहे हे आधी ठाऊक असावे लागते.

ते पाहून लिहून ठेवण्याचे काम उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर हंगामी माणसे करतात. शिकागो बोटॅनिक गार्डनसारख्या संस्था अशा नवशिक्या उमेदवारांना निवडून खात्याच्या निरनिराळ्या कार्यालयांत काही महिन्यांसाठी पाठवतात. मी अशाच एका सहयोगी संस्थेतर्फे आयडाहोच्या राजधानीत, बॉइझीत, रुजू झाले. पुण्यात वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यानंतर लग्न, देशांतर आणि वनस्पतींशी दूरान्वयानेही संबंध नसलेली नोकरी अशी बरीच वर्षे गेली. नागरिकत्व मिळाल्यावर ही वाट मोकळी झाली. आमच्या चार जणांच्या चमूत मी वयाने सगळ्यांत मोठी आणि अनुभवाने सगळ्यांत लहान आहे. आमची चमूप्रमुख माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी तरुण असून तिला गवते पाठीवरूनही ओळखता येतात, असे बाकीचे दोघे म्हणतात.

आजचा दिवस कार्यालयातच गेला. प्रथमोपचार, चारचाकी जोर लावून चालणारा पिकअप ट्रक खडकाळ चढावर कसा घ्यायचा, उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र कसे वापरायचे आणि रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेला 'सुखरूप आहोत' असा निरोप न गेल्यास शोध कसा सुरू होतो, याची तालीम झाली. सामानाची यादी वाचताना दोन गोष्टी लक्षात राहिल्या. ट्रकमध्ये दोन जादा चाके, फावडे आणि अग्निशामक हवाच, कारण ट्रकच्या पोटाखालची तापलेली धुराची नळी वाळलेल्या गवताला टेकली तरी वणवा पेटतो. म्हणून उंच गवतात गाडी उभी करायची नाही. दुसरी गोष्ट कुंपणाच्या फाटकांची. उघडे असेल ते उघडे ठेवायचे, बंद असेल ते बंद करायचे, आणि यात स्वतःची अक्कल चालवायची नाही.

मंगळवार, स्नेक नदीचे पठार

बॉइझीच्या दक्षिणेला कूना नावाचे गाव ओलांडले की शेती संपते आणि स्वान फॉल्सच्या धरणाकडे जाणारा रस्ता सरळ सपाट माळावर येतो. पुढे एकाएकी जमीन फाटून खाली शेकडो फुटांवर स्नेक नदी दिसते. या दरीच्या कड्यांवर गरुड, ससाणे आणि घुबडे यांच्या शेकडो जोड्या दर वसंतात घरटी करतात, आणि माळावरच्या जमिनीत बिळे करून राहणाऱ्या खारींवर त्यांची पिले वाढतात. त्यासाठीच १९९३ मध्ये येथली सुमारे चार लाख पंच्याऐंशी हजार एकर जमीन शिकारी पक्ष्यांसाठी राखीव करण्यात आली. पर्यटक दुर्बिणी लावून वर पाहत होते. आम्हाला मात्र खाली पाहायचे होते.

खाली जे दिसले ते मन खट्टू करणारे होते. मैलोगणती एकच गवत, गुडघ्याच्याही खाली, जूनच्या सुरुवातीलाच जांभळट होऊन वाळायला लागलेले. हे चीटग्रास. ते युरोप-आशियातून धान्याबरोबर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पश्चिम अमेरिकेत शिरले. मूळची झुबक्याने वाढणारी गवते वसंतात जागी होतात. चीटग्रास शरदातल्या पहिल्या पावसातच उगवून हिवाळाभर मुळे वाढवते, वसंतातली ओल बाकीच्यांच्या आधी पिऊन टाकते आणि उन्हाळा भरात येण्यापूर्वी बी टाकून वाळून जाते. मूळच्या गवतांच्या झुबक्यांमध्ये उघडी माती असे, त्यामुळे आगीला एका झुबक्यावरून दुसऱ्यावर जाणे अवघड होते. चीटग्रासने ती सगळी मोकळी जागा भरून काढली. आता आग अखंड धावते, आणि आगीनंतर पुन्हा पहिले उगवते तेही चीटग्रासच. येथले मूळचे झुडूप म्हणजे सेजब्रश, आणि ते जळाले की बुंध्यातून फुटत नाही. त्याचे बी बारीक आणि अल्पायुषी, आईच्या झुडपापासून फारसे लांब न जाणारे. त्यामुळे एकदा मोठा तुकडा जळाला की तेथे सेजब्रश परतायला अनेक दशके लागतात, आणि तेवढा अवधी चीटग्रास देत नाही.

या माळावर मधूनमधून फिकट रंगाचे, किंचित खोलगट, बशीएवढे ते खोलीएवढे मातीचे डाग आहेत. तेथली माती चिकट आणि सोडियमयुक्त, वसंतात पाणी साचवणारी आणि नंतर भेगाळणारी. त्यांना स्लिकस्पॉट म्हणतात. या डागांत, आणि जगात फक्त आयडाहोच्या नैर्ऋत्य भागातल्या अशा डागांत, लेपिडियम पॅपिलिफेरम ही वनस्पती उगवते. हे आपल्या अळिवाचे भावंड, वंश तोच. वीतभर उंचीचे झाड, चार पाकळ्यांच्या बारीक पांढऱ्या फुलांनी इतके गच्च भरलेले की दुरून डाग धुवून काढल्यासारखा दिसतो. त्याचे बी जमिनीत दहा-दहा वर्षे जिवंत राहू शकते, त्यामुळे एखाद्या वर्षी झाड दिसले नाही म्हणजे ते संपले असे म्हणता येत नाही. २००९ मध्ये त्याची नोंद केंद्राच्या संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत झाली, २०१२ मध्ये न्यायालयाने ती रद्द केली आणि २०१६ मध्ये ती पुन्हा झाली. एवढ्याशा झाडामागे इतके वकील उभे राहिलेले पाहून मला हसू आले खरे, पण डागाच्या कडेवर गुडघे टेकून झाडे मोजताना चमूप्रमुख म्हणाली की त्या खटल्यांतले सगळे आकडे कोणीतरी असेच गुडघे टेकून मोजलेले आहेत. डागात पाय ठेवायचा नाही, हा नियम. ओल्या डागात पडलेले बुटाचे किंवा खुराचे ठसे मातीचा थर बिघडवतात आणि त्यात चीटग्रास शिरते.

बुधवार, मर्फीमार्गे ओवायहीच्या डोंगरात

वॉल्टर्स फेरीजवळ स्नेक नदी ओलांडून मर्फीला आलो. हे ओवायही काउंटीचे मुख्यालय, पण वस्ती इतकी विरळ की न्यायालयासमोर गावातला एकुलता एक पार्किंग मीटर गमतीने उभा केलेला आहे. येथे पेट्रोल व बर्फ भरून घेतला आणि दुपारपर्यंत धुळीच्या रस्त्याने वर चढत राहिलो.

मुक्कामाच्या जागी उतरल्याबरोबर सेजब्रशचा वास नाकात भरला. हातात पान घेऊन चुरगळले तेव्हा तो वास मला आधीपासून ठाऊक असल्यासारखा वाटला, आणि ते साहजिकच होते : सेजब्रश म्हणजे आर्टेमिसिया ट्रायडेंटाटा, आणि चैत्रात जोतिबाला वाहतो तो दवणा म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स. दवण्यातला गोडवा मात्र येथे नाही. हा वास कापराकडे झुकणारा आणि कडवट आहे. रात्री स्टोव्हवर मेतकूट-भात केला. चमूतल्या मुलांनी तो आधी संशयाने आणि मग वाडगे पुसून खाल्ला.

गुरुवार, पहिला प्लॉट

मी ज्यासाठी आले ते काम आज सुरू झाले, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

बीएलएमने देशभर एकाच पद्धतीने नोंदी घेता याव्यात म्हणून एक कार्यपद्धती ठरवलेली आहे. जागा आपण निवडायच्या नाहीत. संगणकाने यादृच्छिक पद्धतीने निवडलेला बिंदू यंत्रात दिलेला असतो आणि तेथे चालत जायचे असते, मग तो रम्य ओढ्याकाठी असो की उतारावरच्या दगडधोंड्यांत. आमचा बिंदू अर्थातच दगडधोंड्यांत होता. मध्यभागी खूण रोवून तिच्यापासून पाच मीटर सोडून, उत्तर दिशा धरून शून्य, एकशेवीस आणि दोनशेचाळीस अंशांवर पंचवीस-पंचवीस मीटरच्या तीन टेपा ताणायच्या. टेपेच्या एकाच बाजूने चालायचे, म्हणजे मोजायची बाजू तुडवली जात नाही. मग दर अर्ध्या मीटरवर एक बारीक लोखंडी सळई सरळ उभी धरून वरून खाली सोडायची आणि ती ज्याला ज्याला लागेल ते क्रमाने सांगायचे : आधी सगळ्यांत वरची वनस्पती, मग तिच्याखालची, आणि शेवटी जमिनीवर काय आहे ते, म्हणजे माती, दगड, पालापाचोळा, शेवाळ की दगडफुलासारखा मातीवर चिकटलेला थर. प्रत्येक टेपेवर पन्नास, असे मिळून दीडशे बिंदू. एकाने वाकून सांगायचे आणि दुसऱ्याने टॅबलेटवर भरायचे.

ऐकायला हे काम निर्बुद्ध वाटते. पहिल्या वीस बिंदूंतच कळले की ते फार कठीण आहे. सळई खाली येते तेव्हा तिच्यापासून दोन मिलिमीटरवर ब्लूबंच व्हीटग्रासचे एक सुंदर निळसर पान असते, वाऱ्याने ते हलते, आणि ते सळईला लागावे अशी मनापासून इच्छा होते, कारण आपण चांगली जागा पाहायला आलेलो असतो. पण ते लागलेले नसते. सळई दोन झुबक्यांमधून उघड्या मातीवर टेकलेली असते. तेव्हा 'वर काही नाही, खाली माती' असेच सांगायचे. चमूप्रमुख माझ्या शेजारी उभी राहून माझे बिंदू तपासत होती, आणि वारा सुटला की सळई तशीच धरून पान स्थिर होईपर्यंत थांबायला लावत होती. एका बिंदूच्या पदरी दीडशेपैकी एवढेसे वजन असते हे खरे, तरी प्रत्येकाने आपापल्या आवडीकडे सळई थोडी थोडी झुकवली तर दहा वर्षांनी याच जागी येणाऱ्या चमूला जमिनीतला बदल दिसणार नाही, माणसांतला बदल दिसेल.

दुसरी अडचण वनस्पतींची. सह्याद्रीतल्या पठारांवर श्रावण-भाद्रपदात काम करताना फूल हातात असे. कुळापर्यंत पोहोचायला क्षणभर पुरे. येथे दीडशेपैकी बहुतेक बिंदूंवर फूल नसतेच. गवताचे एखादे पाते असते, तेही कुरतडलेले. सँडबर्ग ब्लूग्रासचे पाते टोकाशी होडीच्या नाळेसारखे वळलेले आणि मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना फिकट रेघ असलेले. स्क्विरलटेलचे पाते मऊ लवेचे. ब्लूबंचचे पाते दांड्यापासून जवळजवळ काटकोनात निघणारे. हे ओळखायला दहापट भिंग लागते आणि त्याहून जास्त चिकाटी लागते. पात्याच्या बुडाशी, जेथे ते खोडाला मिठी मारते, तेथे असलेली जिभली आणि कानासारखी टोके पाहण्यासाठी मी आज इतक्या वेळा जमिनीवर आडवी झाले की संध्याकाळी शर्टाच्या पुढच्या बाजूला मातीचे पूर्ण चित्र उमटलेले होते.

टेपा झाल्यावर झुडपांच्या मधल्या मोकळ्या जागांची मापे घेतली. वीस सेंटिमीटरहून मोठी प्रत्येक मोकळी जागा नोंदवायची, कारण वाऱ्याने माती उडते ती तेथून आणि चीटग्रास शिरते तेही तेथूनच. शिवाय सत्तर सेंटिमीटर खोल खड्डा खणून प्रत्येक थराची माती ओली करून अंगठा आणि तर्जनीत दाबत तिची पट्टी किती लांब निघते ते पाहिले, आणि तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून चुना असल्यास येणारा फेस पाहिला. शेवटी सगळ्यांनी घड्याळ लावून किमान पंधरा मिनिटे प्लॉटभर फिरायचे आणि सळईला न लागलेल्या वनस्पतींची यादी करायची. माझा आनंद या पंधरा मिनिटांत होता. फ्लॉक्सच्या उशा, जमिनीलगतचे लोमेशियम, आणि उत्तरेच्या उतारावर अजून फुललेली बाणाच्या टोकासारख्या पानांची पिवळी बाल्समरूट! पण अहवालात तिचे नाव आले ते फक्त यादीत. सळईला ती एकदाही लागली नाही, तेव्हा टक्केवारीत ती शून्य.

शुक्रवार, पाऊस

रात्री गडगडाट झाला आणि सकाळी रस्त्याचा चिखल ट्रकच्या चाकांना विटांसारखा चिकटू लागला. अशा चिखलात गाडी काढली तर रस्त्याला पडणाऱ्या खोल चाकोऱ्या वर्षभर टिकतात. गाडी अडकली तर सोडवायला दुसरा दिवस. तेव्हा हलायचे नाही, असे ठरले.

तंबूत बसून आदल्या दिवशीचे नमुने काढले. वनस्पती ओळखण्याची पुस्तके येथेही दोन-दोन पर्यायांच्या वाटांनीच चालतात, आणि ती वाट एका टप्प्यावर नेमकी न मिळालेल्या फळाकडे वळते, हा अनुभव पुण्यातल्यासारखाच. दुपारी एक गमतीचा प्रयोग झाला. मोठ्या सेजब्रशचे येथे तीन मुख्य उपप्रकार आहेत. खालच्या कोरड्या जमिनीवरचा वायोमिंग, खोल मातीतला उंच बेसिन आणि वरच्या, जास्त पाऊस-बर्फाच्या डोंगरउतारावरचा माउंटन. पानांचा आकार फसवतो, आणि चूक महागात पडते, कारण आगीनंतर वायोमिंगच्या जागी माउंटनचे बी पेरले तर रोपे तगत नाहीत. म्हणून पानांचा चुरा पाण्यात घालून अंधारात त्यावर अतिनील दिवा धरतात. पांघरुणाखाली डोके घालून आम्ही दोन बाटल्या पाहिल्या. खालच्या उतारावरच्या पानांचे पाणी जवळजवळ निस्तेज राहिले, आणि वरच्या कड्यावरून आणलेल्या पानांचे पाणी असे निळे उजळले की सगळेच एकदम ओरडले. हा उजेड पानांतल्या कुमारिन गटाच्या रसायनांचा. तेव्हा पुढच्या प्लॉटवर वायोमिंग की माउंटन असा वाद झाला तर बाटली काढायची.

शनिवार, जळालेला प्रदेश

रस्ता वाळल्यावर पश्चिमेला, ऑरेगन राज्याच्या सीमेकडे निघालो. ऑगस्ट २०१५ मध्ये येथे वीज पडून लागलेल्या सोडा फायर नावाच्या आगीत सुमारे दोन लाख ऐंशी हजार एकर जळाले. आग विझल्यावर यंत्राने गवताचे बी पेरण्यात आले आणि विमानातून सेजब्रशचे बी टाकण्यात आले. आता फिरताना हद्द नेमकी दिसते : एका बाजूला राखाडी-हिरवी जुनी झुडपे, दुसऱ्या बाजूला गवत, त्यात काही ठिकाणी पोटरीएवढी सेजब्रशची रोपे आणि काही ठिकाणी नुसते चीटग्रास. उत्तरेकडच्या, थंड उतारांवर पेरणी चांगली लागलेली दिसते. दक्षिणेच्या भाजक्या उतारांवर नाही. विमानाने बी टाकताना खालचा उतार निवडता येतो, त्या वर्षीचा पाऊस निवडता येत नाही.

एवढ्या जमिनीला बी आणायचे कोठून, हा यातला खरा पेच आहे. पूर्वी, १९३० च्या दशकापासून, आशियातून आणलेले क्रेस्टेड व्हीटग्रास भरपूर पेरले गेले. ते स्वस्त आहे, हमखास उगवते, गुरांना आवडते. पण एकदा बसले की मूळच्या वनस्पतींना फारशी जागा देत नाही. स्थानिक वनस्पतींचे बी बाजारात हवे तेव्हा, हवे तेवढे आणि हव्या त्या प्रदेशाचे मिळत नाही. म्हणून २००१ पासून सीड्स ऑफ सक्सेस हा कार्यक्रम चालतो. त्यात रानातले बी थोडे थोडे गोळा करून साठवायचे, आणि त्यातून शेतात वाढवण्यासाठी मूळ बियाणे द्यायचे. उन्हाळाभर आम्ही जेवढे बी गोळा करू ते थेट कोणत्याही जळालेल्या डोंगरावर जाणार नाही, हे मला आज कळले. आधी थोडी निराशा झाली, पण एखादा शेतकरी आमच्या पिशवीतल्या बियाण्यापासून एकरभर पीक काढू शकला तर डोंगरासाठीचे बी पोत्यांनी मिळेल, हा हिशोब पटला.

आजची वनस्पती सँडबर्ग ब्लूग्रास. न जळालेल्या कडेवर तिचे तुरे पिवळे पडून बी सुटायच्या बेतात होते. गोळा करण्याचे नियम काटेकोर आहेत. किमान पन्नास निरनिराळ्या झुबक्यांमधून घ्यायचे, म्हणजे वाण अरुंद होत नाही. त्या दिवशी पिकलेल्या बियांच्या एक पंचमांशाहून जास्त घ्यायचे नाही, म्हणजे मुंग्या, पाखरे आणि पुढच्या वर्षाची रोपे यांचा वाटा राहतो. आणि एकूण किमान दहा हजार जिवंत बिया मिळतील असा अंदाज हवा. दहा हजार म्हटले की डोक्यात पोते येते. या गवताच्या बाबतीत त्या स्वच्छ केल्यावर मूठभरच असतात.

हात घालण्यापूर्वी कापून पाहायचे असते. चमूप्रमुखाने एक तुरा माझ्या तळहातावर चोळला, तुसे फुंकून टाकली आणि उरलेल्या बारीक तपकिरी दाण्यांतले दहा दाणे पाटीवर ओळीने मांडले. प्रत्येक दाणा पात्याने मधोमध कापून भिंगाखाली पाहिला. भरलेला दाणा आतून पांढरा आणि घट्ट, पिठाच्या गोळीसारखा दिसतो. पोकळ दाणा पात्याखाली चपटा होतो आणि आत काहीच नसते. दहापैकी सात भरलेले निघाले, तेव्हा पिशव्या काढल्या. गेल्या आठवड्यात दुसऱ्या चमूने बाल्समरूटची फुले कापली तेव्हा बहुतेक दाण्यांत भुंगेऱ्याच्या अळ्या निघाल्या आणि तो डोंगर त्यांना सोडून द्यावा लागला, असे कळले.

मग दिवसभर, बोटांच्या चिमटीत तुरा धरून खालून वर ओढायचा आणि मुठीतले बी कापडी पिशवीत टाकायचे, एवढेच. घाई केली की चीटग्रासचे अणकुचीदार दाणेही मुठीत येतात. ते मोज्यांत, बुटांच्या नाड्यांत आणि शेवटी पायाच्या कातडीत रुततात; रात्री मोजे काढून ते चिमट्याने वेचत बसावे लागले, आणि वेचलेले दाणे उघड्यावर न टाकता कचऱ्याच्या पिशवीत बांधून आणावे लागले, नाहीतर आम्हीच त्याची पेरणी केली असती. पिशवीवर कार्यक्रमाचा क्रमांक, तारीख, अक्षांश-रेखांश, उंची, उतार, मातीचा प्रकार, शेजारच्या वनस्पती आणि किती झाडांमधून घेतले ही सगळी माहिती. सोबत त्याच जागेचे तीन दाबलेले नमुने आणि छायाचित्रे. बी उन्हात ठेवायचे नाही आणि प्लास्टिकमध्ये तर नाहीच. पुढे ते ऑरेगनमधल्या बेंड येथील वनखात्याच्या केंद्रात जाते. तेथे यंत्रांनी ते तुसांपासून वेगळे होते, तपासले जाते आणि साठवणीला लागते.

रविवार, फाटकाजवळ

सकाळी प्लॉटवर जाताना एका फाटकाशी पिकअप थांबलेला होता. या भागातल्या चराईचा परवाना ज्यांच्याकडे आहे ते आजोबा आणि त्यांचा कुत्रा. सार्वजनिक जमिनीवर गुरे चारण्याचा दर अमेरिकेत गाय-वासराच्या जोडीला महिन्याला इतके असा ठरतो. २०२४ मध्ये तो १.३५ डॉलर होता. दर फार कमी आहे अशी शहरातल्या पर्यावरणवाद्यांची तक्रार, आणि दर कमी असला तरी पाण्याच्या टाक्या, कुंपणे आणि आगीचा धोका आमच्या डोक्यावर आहे अशी गुरेवाल्यांची. आजोबांनी आम्ही काय मोजतो ते विचारले. चमूप्रमुखाने टॅबलेट उघडून त्यांना गुरुवारच्या प्लॉटचे आकडे दाखवले आणि हे आकडे नंतर कोणालाही पाहता येतात हेही सांगितले. त्यांनी चीटग्रासच्या टक्क्याकडे पाहून मान हलवली आणि हे गवत त्यांच्या गुरांना वसंतात दोन-तीन आठवडेच उपयोगी पडते, नंतर तोंडाला टोचते, असे सांगितले. ब्लूबंच मात्र त्यांनी आमच्याआधी, ट्रकमधूनच ओळखून दाखवले. आमच्या आकड्यांवरून उद्या त्यांची गुरे कमी करण्याचा निर्णय होऊ शकतो, किंवा वाढवण्याचाही. त्यामुळे त्या पाच मिनिटांत कोणीही आपले मत बोलून दाखवले नाही.

पुढच्या खडकाळ टेकाडावर बिटररूट फुललेली सापडली. खडीतून थेट वर आलेली, पान जवळजवळ सुकून गेलेले आणि जमिनीला टेकलेले मोठे गुलाबी फूल. मेरिवेदर लुईसने १८०६ मध्ये माँटानात घेतलेला तिचा दाबलेला, वाळलेला नमुना फिलाडेल्फियात लावल्यावर पुन्हा जगला, म्हणून तिचे शास्त्रीय नाव लुइसिया रेडिव्हायव्हा. पण तिचा शोध लागायचा राहिलेला नव्हता. शोशोनी, पायुट आणि आसपासचे अनेक समाज तिची पिष्टमय मुळे वसंतात खणून, सोलून, वाळवून खात आलेले आहेत, आणि आज ज्या टेकाडाला सार्वजनिक जमीन म्हणतात तेथे सरकारी नकाशा पोहोचण्यापूर्वी त्यांची वाटचाल होती. त्यांच्यापैकी शोशोनी-पायुट समाजाची डक व्हॅली येथील राखीव वसाहत येथून दक्षिणेला, नेवाडाच्या सीमेवर आहे. सरकारी नकाशावर तेवढ्या जागेचा रंग वेगळा आहे.

दुपारच्या प्लॉटवर सेजब्रशखाली सेज-ग्राउस या रानकोंबड्याची विष्ठा सापडली. हा पक्षी हिवाळ्यात जवळजवळ सेजब्रशच्या पानांवरच जगतो. २०१५ मध्ये त्याला संकटग्रस्त यादीत घ्यायचे नाही असे केंद्राने ठरवले, पण ते या अटीच्या बळावर की त्याचा अधिवास अन्य मार्गांनी सांभाळला जाईल. आमच्या प्लॉटांची संख्या वाढली त्यामागे हेही एक कारण आहे. झुडपांची उंची मोजताना आज माझी नोंद आणि चमूप्रमुखाची नोंद पहिल्यांदाच दोन सेंटिमीटरच्या आत आली.

सोमवार, बॉइझी

सकाळ टॅबलेटवरच्या नोंदी तपासण्यात गेली. यंत्र चुका शोधून लाल करते : एका जागी झुडपाची उंची बाराशे सेंटिमीटर झालेली होती आणि एका बिंदूवर जमिनीची नोंदच नव्हती. ज्याची आठवण आणि छायाचित्र दोन्ही नाहीत ते रिकामेच ठेवायचे, अंदाजाने भरायचे नाही. बियांच्या पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या आणि अर्ज जुळवून त्या बेंडला जाणाऱ्या खोक्यात गेल्या. नमुन्यांच्या दाबपट्ट्या सोडून ओलसर वर्तमानपत्रे बदलली.

गुरुवारच्या प्लॉटवरचा एक अ‍ॅस्ट्रॅगॅलस मात्र कोणालाच ओळखता आला नाही. या वंशाच्या जाती ओवायहीत भरपूर आहेत आणि त्या वेगळ्या करायला पक्व शेंग हवी. शेंग आतून एका कप्प्याची आहे की दोन, ती फुगते की चपटी राहते, तिच्यावर लव आहे का, यावर सगळे अवलंबून असते. आमच्या झाडाला नुसती जांभळी फुले होती. त्यामुळे नोंदीत त्याचे नाव 'पीएफ-०१', म्हणजे अनोळखी बहुवार्षिक वनस्पती क्रमांक एक, एवढेच लिहिले आहे, आणि सळई तिला दीडशेपैकी तीन ठिकाणी लागल्यामुळे ते तीन बिंदू तसेच तिष्ठत आहेत. चमूप्रमुखाने जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या फेरीत त्या प्लॉटला अर्धा दिवस राखून ठेवला आहे.